जोडी १, जोडी ॥

स्लॅबच्या दिवशी हातात फोन घेऊन बसू नये, हे मला न्हावऱ्यात कळलं.

फेब्रुवारी २०२५. न्हावऱ्याच्या पुढं शेतातल्या एका बंगल्याचा स्लॅब होता. सकाळी सातला नारळ फुटला, मिक्सर-लिफ्टवाल्यांची टोळी कामाला लागली, व्हायब्रेटर सुरू झाला आणि मी विटांच्या थप्पीवर बसून आमच्या चौदा माणसांची हजेरी ॲपमध्ये भरायला घेतली. तिसऱ्या नावापाशी ॲपनं मला बाहेर काढलं. पुन्हा लॉगिन, पुन्हा ओटीपी. ओटीपी जाणार पप्पांच्या नंबरवर. पप्पा वर स्लॅबवर, त्यांचा फोन खाली गाडीत, गाडीची किल्ली त्यांच्या खिशात. मी शिडीनं वर चढून किल्ली आणली, गाडी उघडली, ओटीपी वाचला. तोवर त्याची मुदत संपली होती.

मिस्त्री वरून बघत होते. म्हणाले, "ताई, तुझी हजेरी लागंस्तोवर माझा स्लॅब सेट व्हईल."

संध्याकाळी काम उरकलं तेव्हा पप्पांनी शर्टाच्या खिशातून डायरी काढली, तिचं रबर दातात धरलं आणि उभ्या उभ्या दीड मिनिटात सगळ्या हजेऱ्या लिहून टाकल्या. मला काहीही बोलले नाहीत. तेच जास्त लागलं.

*

आम्ही शिरूरचे. जुन्या माणसांसाठी गाव अजूनही घोडनदीच आहे. पप्पा सव्वीस वर्षं लोकांची घरं बांधतायत. धंद्याला नाव आहे, पाटी नाही. ऑफिस म्हणजे आमच्या घरातला दिवाण आणि सिमेंटच्या दुकानदारानं दिवाळीला फुकट दिलेली डायरी. मी सिव्हिलचा डिप्लोमा केला, दोन वर्षं पुण्यात एका बिल्डरकडं साइट इंजिनिअर म्हणून उन्हात उभी राहिले आणि मग घरच्याच धंद्यात आले. लोकांना सांगताना मी "पप्पांना मदत करते" म्हणते. तीन वर्षं झाली, तरी अजून तेच म्हणते.

काम दोन तालुक्यांत पसरलेलं. रांजणगावची एमआयडीसी आली, एलजी आणि व्हर्लपूलसारख्या कंपन्या आल्या, तशी कारेगाव, ढोकसांगवीकडं खोल्या काढायची लाट आली. खोल्या काढणं म्हणजे शेताच्या बांधाला दहा-बारा खोल्यांची रांग बांधायची आणि कंपनीतल्या पोरांना भाड्यानं द्यायची. ते काम शिरूरकडचं. दौंडकडं वेगळं गिऱ्हाईक. रेल्वेतून रिटायर झालेले, एसआरपीतले, कुरकुंभच्या कंपन्यांत नोकरी करणारे. त्यांना एकच घर बांधायचं असतं, आयुष्यात एकदाच, आणि ते रोज येऊन बघतात. शिरूरहून न्हावरे, मग भीमेवरचा पूल ओलांडून पारगाव, चौफुला, पाटस करत दौंड. कारखान्यांच्या हंगामात या रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्यांमागं किती वेळ जाईल याचा नेम नाही. शिवाय ऊस उभा असला की शिरूरकडच्या साइटवरून अंधाराच्या आत निघायचं, बिबट्यामुळं.

या धंद्यात घर दोन तऱ्हांनी घेतात. लेबर रेटनं घेतलं तर मटेरियल मालकाचं, आम्ही चौरस फुटावर मजुरी घ्यायची. मटेरियलसकट घेतलं तर सिमेंटही आमचं आणि सिमेंटचे वाढलेले भावही आमचेच. कागद म्हणाल तर कधी पाचशेच्या स्टॅम्पपेपरवर एक पान, पुष्कळदा तेही नाही. महारेरा २०१७ च्या १ मेपासून सुरू झालं खरं, पण ते विकायच्या प्रकल्पांसाठी. स्वतःच्या जागेत स्वतःचं घर बांधणाऱ्याचा आणि आमच्यासारख्याचा व्यवहार अजून शब्दावर चालतो. त्या शब्दावरच आमचा धंदा उभा आहे आणि आम्ही मार खातो तोही तिथंच.

मार खाण्याचं वाक्य ठरलेलं असतं: "शेठ, एवढं एक करून टाका की."

एवढं एक म्हणजे पाठीमागं एक ओटा. जिन्याखाली एक संडास. पाण्याची टाकी हजारऐवजी दोन हजार लिटरची, म्हणजे खालचा आधारही बदलला. मालक सांगतो, पप्पा मान हलवतात, मिस्त्री करून टाकतो. सहा महिन्यांनी हिशोबाला बसलं की मालकाला वाटतं हे मूळ ठरलेल्यातच होतं. तो खोटं बोलत नसतो. घर बांधताना माणूस इतकं काही बोलून जातो की त्यातलं कुठलं स्वप्न होतं आणि कुठली ऑर्डर होती, ते त्याचं त्यालाही सांगता येत नाही.

*

२०२४ च्या दिवाळीआधी दौंडमध्ये असाच एक हिशोब झाला. मालक रेल्वेतले रिटायर्ड गार्ड. आम्ही त्यांना काका म्हणतो. पप्पांनी वाढीव कामाचे एक लाख अडतीस हजार सांगितले. काकांनी कपाटातून एक जाडजूड रजिस्टर काढलं. त्यात आमच्या घरबांधणीचा दिवसन् दिवस होता. तारीख, वेळ, किती गोण्या उतरल्या, किती माणसं आली, मिस्त्री किती वाजता गेला. गाडी कुठल्या स्टेशनात किती वाजता शिरली ते आयुष्यभर लिहिलेला माणूस, तशाच अक्षरात.

त्यांच्या रजिस्टरप्रमाणे वाढीव काम निघालं एकसष्ट हजारांचं.

"तुम्ही खोटं सांगताय असं मी म्हणत नाही," काका म्हणाले. "पण माझ्याकडं बाकीच्याची नोंद नाही. आणि तुमच्याकडं तर वहीच नाही."

वही होती, पण तिच्यात हजेरी होती, खर्ची होती, उचल होती. काम नव्हतं. पप्पांनी एकसष्ट हजार घेतले. येताना चौफुल्यापर्यंत दोघंही गप्प. चहा घेताना म्हणाले, "तू एवढं शिकलीस. बघ काहीतरी कॉम्प्युटरवर."

टॅली जन्माला आलं तेही असंच, हे मला नंतर कळलं. बंगळुरूचे श्यामसुंदर गोएंका गिरण्यांना लागणारा माल आणि यंत्रांचे भाग पुरवायचे. हिशोबाला मनासारखं सॉफ्टवेअर मिळेना, म्हणून त्यांनी मुलाला, भरत गोएंकांना, तूच लिही म्हणून सांगितलं. १९८६ ची गोष्ट. मला प्रोग्रामिंग येत नाही, त्यामुळं माझ्या वाट्याला नुसतं शोधणं आलं.

*

मी काय काय बघितलं ते सगळं सांगत बसत नाही. तीन महिने रात्री जेवण झालं की हाच उद्योग होता.

पहिल्यांदा यूट्यूबनं अमेरिकेत नेलं. तिकडं घरं बांधणाऱ्या छोट्या ठेकेदारांसाठी वेगळी सॉफ्टवेअर आहेत. ओमाहा शहरातलं बिल्डरट्रेंड हे त्यातलं एक मोठं नाव. व्हिडिओत एक दाढीवाला माणूस पिकअप गाडीच्या बॉनेटवर टॅबलेट ठेवून मालकिणीला किचनचा ओटा दाखवतो, ती बोटानं सही करते, काम सुरू. किंमत डॉलरमध्ये, दरमहा. ते घेण्याचा प्रश्नच नव्हता. पण तिथं मला एक शब्द मिळाला: चेंज ऑर्डर. मालकानं काही बदल सांगितला की आधी कागद, त्यावर बदललेली किंमत आणि वाढलेले दिवस, त्यावर सही, मगच थापीला हात. आपल्याकडं "वाढीव काम" हा शब्द आहे, पण तो काम झाल्यावर येतो, भांडणाच्या वेळी. त्यांच्याकडं तो आधी येतो. त्या शब्दासाठी झालेलं जागरण वसूल झालं असं मी मानते.

मग भारतातली ॲप्स. आमचे टॅक्सवाले टॅलीत काम करतात आणि ते त्यांच्यापाशीच बरं आहे. टॅलीला व्हाउचर कळतं, स्लॅब कळत नाही. ते त्याचं कामही नाही. खाताबुकसारखी उधारीची ॲप्स मराठीतून चालतात, वापरायला सोपी आहेत, आमच्या गल्लीतला किराणावाला तेच वापरतो. पण दुकानात एक गिऱ्हाईक म्हणजे एक खातं. आमच्याकडं एक माणूस म्हणजे हजेरी, त्यातून वजा खर्ची, त्यातून वजा उचल, आणि सोमवारी तो कारेगावला तर मंगळवारी पारगावला. खर्ची म्हणजे आठवडे बाजाराला दिलेले पैसे. उचल म्हणजे लग्नाला, दवाखान्याला, गावाकडच्या कर्जाला आधीच दिलेली मोठी रक्कम. या दोन शब्दांत पडणारं अंतर कुठल्याच ॲपला सांगता येईना. सगळीकडं एकच बटण: ॲडव्हान्स.

शेवटी बांधकामासाठीच बनवलेलं एक ॲप घेतलं. नाव सांगत नाही, कारण माझी तक्रार त्या ॲपपेक्षा आमच्या घाईवर जास्त आहे. विकणारा मुलगा व्हिडिओ कॉलवर दर वाक्याला मॅम म्हणत होता. बीओक्यू, डीपीआर, इंडेंट, व्हेंडर. त्यानं विचारलं, "मॅम, आपके कितने सुपरवायझर हैं?" मी पप्पांकडं बघितलं. पप्पा भाजी निवडत होते. म्हटलं, एक.

ॲप वाईट नव्हतं. फक्त ते आमचं बोलत नव्हतं. त्यात खडी घनमीटरमध्ये. आम्ही ब्रासमध्ये घेतो, एक ब्रास म्हणजे शंभर घनफूट, आणि खरं तर घेतो डंपरवर, नि डंपरमध्ये किती ब्रास आहेत यावरून रोज वाद. स्टील त्यात टनात. दुकानदारही टनावर लावतो, पण साइटवर आम्ही बार मोजतो. बारा एमएमचा बारा मीटरचा एक बार साधारण १०.६६ किलो, व्यासाचा वर्ग भागिले १६२ गुणिले लांबी, हे मिस्त्रीला तोंडपाठ आहे. मला ते फोनमध्ये तीन स्क्रीन ओलांडून मिळायचं. तरी मी चिकाटीनं भरत राहिले. फेब्रुवारी, मार्च, एप्रिल.

आणि पहिल्याच दिवशी एक प्रश्न आला, जो मला तेव्हा क्षुल्लक वाटला. ॲपला प्रत्येक कामगाराचं नाव हवं होतं.

*

पप्पांच्या डायरीत नऊ वर्षं एक नोंद येते: जोडी १. कधी कधी: जोडी ॥.

आष्टी तालुक्यातलं एक जोडपं आमच्याकडं काम करतं. मी त्यांना मामा-मामी म्हणते. दोघंही बिगारी. माल कालवणं, घमेली वाहणं, विटा देणं, पाणी मारणं. ऊसतोडीत नवरा-बायकोला मिळून एक कोयता म्हणतात, तसं आमच्याकडं त्यांना मिळून जोडी. दोघं आले तर जोडी १. दोन उभे दंड म्हणजे अर्धा. पाव, अर्धा, पाऊण असं दंड देऊन लिहायची पप्पांच्या आजोबांची रीत, ती पप्पांनी उचललेली. जोडी ॥ म्हणजे दोघांतलं एकच आलं. कोण आलं ते त्या आठवड्यात पप्पांच्या लक्षात असायचं, त्याप्रमाणे ते पैसे द्यायचे, आणि बाजार झाला की विसरायचे.

ॲपनं नाव मागितलं तेव्हा मी पप्पांना विचारलं, मामीचं नाव काय? ते थांबले. नऊ वर्षांत लागलंच नव्हतं. मी मामीला विचारलं तर ती हसली आणि म्हणाली, "कुठलं सांगू? आधारवरलं का घरचं?" आधारवरचं लिहिलं. इथं लिहीत नाही, तिला विचारलेलं नाही.

नावापुढं दुसरा रकाना होता: दर. मामा ६००. मामी ४५०. डायरीत ते दिसत नव्हतं, कारण तिथं जोडीचे १०५० होते. फोनवर दोन ओळी एकाखाली एक आल्या आणि दिसलं. समान कामाला समान वेतनाचा कायदा १९७६ मध्येच झाला होता. घमेलं दोघांच्याही डोक्यावर तेवढंच. मी पप्पांना म्हटलं तर ते म्हणाले, "सगळीकडं हाच दर आहे." ते खरं होतं. मी गप्प बसले.

*

एप्रिलअखेर ॲपची मुदत संपली. पप्पा म्हणाले, पुढचे पैसे भरायचे नाहीत. मीही फार ताणलं नाही. रोज रात्री डायरीतून ॲपमध्ये उतरवून मीच कंटाळले होते.

जूनमध्ये शाळा सुरू झाल्या आणि मामी आमच्या घरी आली. कधी आत येत नाही, त्या दिवशी ओट्यावर बसली. तिच्या गावातल्या एकीनं बांधकाम कामगारांच्या मंडळात नाव नोंदवलं होतं, तिच्या पोरांना शाळेसाठी पैसे आले होते. मामीची मोठी आठवीत गेली होती.

"तुझ्या मोबाईलमधनं माझे दिवस निघत्याल का गं?"

ही नोंदणी कशी होते ते सांगते, कारण हे ज्यांना लागतं त्यांच्यापर्यंत पोचतच नाही. बांधकाम कामगारांसाठीचा कायदा तेव्हा १९९६ चा होता. त्याखाली राज्यात कल्याणकारी मंडळ झालं, बांधकामांच्या खर्चावर एक टक्का उपकर जमा होतो आणि त्यातून नोंदणीकृत कामगारांना, त्यांच्या मुलांच्या शिक्षणाला, आजारपणाला मदत मिळते. वय १८ ते ६० हवं, आणि मागच्या बारा महिन्यांत किमान ९० दिवस बांधकामावर काम केल्याचा दाखला. दाखला ठेकेदार देऊ शकतो, नाहीतर ग्रामसेवक किंवा नगरपालिका.

म्हणजे पप्पा.

पप्पांना ते नको होतं. कारण सांगायला त्यांना दोन दिवस लागले. सही केली की कागदावर आपण मालक झालो, मग उद्या उपकर, परवा विमा, तेरवा कोणीतरी साहेब. त्या कायद्यात दहा लाखांपर्यंतचं स्वतःचं घर वगळलेलं होतं, पण आमची सगळी घरं त्याच्या आतली नव्हती. मला त्यांची भीती खोटी वाटली नाही. शिरूर-दौंडचे बहुतेक ठेकेदार याच भीतीनं सही टाळतात, आणि बायका ग्रामसेवकाच्या दारात चकरा मारतात.

मी म्हटलं, "आपण मालक नाही तर कोण आहोत?"

त्यावर ते उठून गाडी पुसायला गेले. तासभर पुसली. आत आले आणि म्हणाले, "लिही. नव्वद दिवस लिही, मी सही करतो. कोण मोजतंय?"

आता मी अडले. एकसष्ट हजारांचा तो हिशोब माझ्या डोक्यातून गेला नव्हता. काकांच्या रजिस्टरपुढं आपण गप्प बसलो, कारण आपल्याकडं खरं होतं पण लिहिलेलं नव्हतं. आता लिहायचं आणि ते खरं नसायचं? म्हटलं, मोजून लिहिते.

ॲप उघडलं. नुसता निळा पडदा, आणि पैसे भरा. माझेच आकडे, मी रात्री जागून भरलेले, आणि ते बघायला भाडं. एका महिन्याचे पैसे भरले, पीडीएफ काढून घेतली आणि त्याला कायमचा रामराम केला. कुठलंही सॉफ्टवेअर घेताना पहिल्या दिवशी विचारा: सोडून जाताना माझा हिशोब मला कसा देणार? मॅम म्हणणाऱ्या मुलाला मी बाकी सगळं विचारलं होतं.

ॲपमध्ये मामीचे ५२ दिवस होते. मग डायरी. जून २०२४ ते जानेवारी. मधले चार महिने ते दोघं गावी होते. जोडी १ मोजले: ३१. बेरीज ८३. आणि जोडी ॥ सोळा दिवस. या सोळांत मामीचे किती, हे कुठंच नव्हतं.

मी मामीला बोलावलं. मामीला तारखा सांगता येत नाहीत, पण काम सांगता येतं. "पारगावच्या बंगल्याचा जिना भरला त्या दिवशी मी एकटीच हुते, ह्यांना ताप हुता." "कारेगावच्या खोल्यांना पहिला हात प्लास्टर चाललं हुतं, हे आज्जीच्या मातीला गेलते." माझ्या फोनमध्ये साइटचे फोटो होते, सळई बांधून झाली, कॉन्क्रीट भरलं, असे टप्प्याटप्प्याचे, पप्पांना आणि मालकांना पाठवायला काढलेले. जिन्याचा फोटो शोधला. जिना मधोमध, आणि डाव्या कोपऱ्यात, अर्धी कापली गेलेली, डोक्यावर घमेलं घेऊन मामी. खाली तारीख. डायरीत त्या तारखेला: जोडी ॥.

आम्ही दोघींनी सोळाही दिवस असे शोधले. काही फोटोंत मामा दिसले, ते दिवस तिनं स्वतःच सोडून दिले. काही दिवशी फोटोच नव्हता. तिथं मी म्हटलं, मामी, तुला आठवतंय ना, धरू या. ती म्हणाली, नको, जे दिसतंय तेवढंच धर. नऊ फोटोंत ती होती. कुठं पाठमोरी, एके ठिकाणी नुसता पदर आणि हात.

८३ आणि ९. पप्पांनी ९२ दिवसांच्या दाखल्यावर सही केली. शिक्का शोधायला अर्धा तास गेला.

*

तेव्हापासून आम्ही काय वापरतो, असं कोणी विचारलं तर मला थोडं ओशाळायला होतं, कारण सांगण्यासारखं काही नाही.

पप्पा डायरीच लिहितात. मी रोज रात्री तिच्या पानाचा फोटो काढते आणि गुगल शीटमध्ये उतरवते. आता तिथं जोडी नाही, सगळी नावं आहेत. खर्ची वेगळी, उचल वेगळी. ब्रासला ब्रास म्हणतात. स्लॅबची तारीख घातली की पुढं पाण्याचे दिवस आपोआप येतात. आयएस ४५६ प्रमाणे साध्या सिमेंटला किमान सात, मिश्र सिमेंटला दहा, आणि दुकानात हल्ली मिळतं ते बहुतेक मिश्रच. "ताई, सात दिवस झाले, बास की," म्हणणाऱ्या मालकाला फोन दाखवता येतो. २०२५ च्या २२ सप्टेंबरला सिमेंटवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्के झाला तेव्हा सकाळी नऊपासून मालकांचे फोन सुरू झाले, आमचं एस्टिमेट कमी करा म्हणून. शीटमध्ये एक आकडा बदलला आणि दुपारपर्यंत सगळ्यांना नवे हिशोब गेले. पप्पांना त्या दिवशी पहिल्यांदा वाटलं की यात काहीतरी आहे.

वाढीव कामासाठी प्रत्येक साइटचा एक वॉट्सॲप ग्रुप. मालक, पप्पा, मी, मिस्त्री. मालकानं साइटवर काही सांगितलं की पप्पा तिथंच उभं राहून ग्रुपवर बोलून टाकतात: "दादा, पाठीमागं ओटा सांगितलाय, सहा बाय चार, एवढे वाढीव होतील, चालेल का?" मालकानं 'हो' लिहिल्याशिवाय मिस्त्री वीट लावत नाही. कधी कधी लावतोच, मग मी ओरडते. टप्प्यांच्या फोटोंची शिस्त मी सरकारी घरकुलांवरून घेतली. प्रधानमंत्री आवास योजनेत २०१६ पासून ग्रामीण घराचा हप्ता टप्प्याच्या फोटोवर सुटतो, आणि तो फोटो जागेच्या अक्षांश-रेखांशासकट मोबाईल ॲपवर चढवावा लागतो. गावात लोक त्याला नावं ठेवतात, पण पाया झाला की नाही यावर तिथं वाद होत नाही.

या सगळ्याला पैसे पडत नाहीत, फक्त रोज रात्री माझी वीसेक मिनिटं जातात. मी आजारी पडले तर काय, याला उत्तर नाही. दहाऐवजी वीस साइट झाल्या तर हे कोसळेल, हेही मला माहीत आहे. तेव्हा एखादं ॲप घ्यावंच लागेल.

दौंडच्या काकांनी दिवाळीनंतर कंपाउंडची भिंत आम्हालाच दिली. ग्रुपवर पहिला मेसेज त्यांचाच आला, तारीख-वेळेसकट. मामीची नोंदणी झाली. शाळेच्या मदतीचा अर्ज भरलाय, अजून पैसे आलेले नाहीत. तिनं दोनदा विचारलं, मी दोनदा स्टेटस बघून सांगितलं.

दिवाळीला पप्पांनी बायकांचा दर ५०० केला. मी सहाशे म्हणत होते. त्यावर आमचं चार दिवस वाजलं, मग लग्नसराई आणि पुढचा स्लॅब आला. शीटमध्ये मामाच्या नावापुढं ६०० आहे, तिच्या नावापुढं ५००. पप्पा हल्ली रात्री त्यांच्या फोनवर ती फाईल स्वतः उघडून बघतात. तो रकाना आला की बोटानं जरा जोरात सरकवतात.